दीडशे पोती

सकाळी साडेपाचला आमच्या घरात पहिला आवाज होतो तो पंख्याचा. लांबच्या खोलीत कुणी जातं फिरवत असावं, एवढाच. मग लोखंडी वाटीत काहीतरी पडतं. टक. थोडा वेळ काही नाही. टक-टक. मी शाल गुंडाळून समोर येऊन बसतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला काचेमागे धूर दाटतो, पांढरा, पिळदार, आणि त्या धुराच्या पोटातून जाळ उभा राहतो. भडका होत नाही. कंदिलाची वात वर करावी तसा तो वर येतो. आणखी पाचेक मिनिटांनी दुसरा पंखा सुरू होतो आणि गरम वारा पायांवर यायला लागतो. मग चहा ठेवायचा.

आम्ही न्यू हॅम्पशायरच्या दक्षिणेला, मोनॅडनॉक डोंगराच्या आसपासच्या एका गावात राहतो. इथे ऑक्टोबरच्या मध्यापासून घर तापवावं लागतं ते एप्रिल संपेपर्यंत, आणि जानेवारीतल्या काही रात्री उणे वीसपर्यंत जातात. आमचं घर तापतं ते पेलेट स्टोव्हवर. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली कांडी. पेन्सिलीहून किंचित बारीक, बोटाच्या पेराएवढी लांब, अंगाने गुळगुळीत आणि चकाकणारी. मूठभर घेऊन वाजवल्या तर चिंचोक्यांसारख्या वाजतात. स्टोव्हच्या पाठीशी त्यांची पेटी असते, तिला हॉपर म्हणतात. पेटीच्या तळाशी एक मोठा मळसूत्री दांडा सावकाश फिरत असतो आणि चार-चार कांड्या वर ढकलून वाटीत टाकत असतो. वाटीला बुडाशी भोकं आहेत, त्यांतून हवा येते. एवढंच आहे सगळं. पण या एवढ्याशेजारी मी सतरा हिवाळे काढले आहेत, आणि या घरात मला जे आपलं वाटतं त्यात याचा वाटा मोठा आहे.

त्याआधी घर तेलावर तापायचं. बेसमेंटमध्ये फर्नेस होता. तेलाचा ट्रक यायचा, बाहेरच्या बाहेर नळी लावून टाकी भरायचा, दाराला बिल अडकवून जायचा. आम्ही त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नसायचं. भिंतीवर थर्मोस्टॅट होता, तो दोन अंश वर केला की कुठेतरी खाली काहीतरी पेटायचं आणि जाळ्यांमधून उष्ण हवा यायची. ऊब कुठून येते हे विचारण्याचं कारणच नव्हतं. थंडीत घरात उघड्या पायाने फिरायचं, सदरा घालून बसायचं. वर्षाला सातशे गॅलन तेल जळायचं, म्हणजे अडीच हजार लिटरांहून जास्त, आणि तो आकडा मला बिलं चाळल्याशिवाय सांगता आला नसता.

२००८ च्या उन्हाळ्यात तो आकडा पाठ झाला. जुलैमध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं आणि इकडे घर तापवायचं तेल गॅलनला साडेचार डॉलरच्या वर. गावातल्या किराणा दुकानात, पोस्टात, शाळेच्या दाराशी एकच बोलणं चालायचं, हिवाळ्याचं कसं करायचं. न्यू इंग्लंडमध्ये त्या उन्हाळ्यात पेलेट स्टोव्हसाठी रांगा लागल्या होत्या. आम्हीही घेतला. तीन टन पेलेटची मागणी जुलैतच नोंदवली हे बरं झालं, कारण पुढे शरदात पेलेट मिळेनासे झाले. टनाचा भाव तेव्हा अडीचशे डॉलरच्या आसपास होता. एक टन पेलेट म्हणजे साधारण एकशेवीस गॅलन तेलाची उष्णता, हा हिशेब इथे आता पोराटोरांनाही येतो.

तीन टन आले तेव्हा कळलं की उबेला वजन असतं. ट्रकवाल्याने अंगणात तीन लाकडी चौकटी उतरवल्या, प्रत्येकीवर पन्नास पोती. पोतं चाळीस पौंडांचं, म्हणजे अठरा किलो. ही दीडशे पोती खांद्यावरून बेसमेंटमध्ये न्यायची, बारा पायऱ्या उतरून. बायको, मी, आणि सात वर्षांची मुलगी मोजायला. तीन संध्याकाळी लागल्या. अशी कमरेत भरलेली थंडी मला त्याआधी माहीत नव्हती. जानेवारीतला एक अख्खा दिवस माझ्या हातात होता आणि त्याचं वजन अठरा किलो होतं.

आई सप्टेंबरात आली. सांगलीहून पहिल्यांदाच, सहा महिन्यांसाठी. वडील गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती आली त्या आठवड्यात एक पोतं फाटलेलं म्हणून मी बाहेरच पायरीपाशी ठेवलं होतं आणि रात्री पाऊस झाला. सकाळी बघतो तर पोतं फुगून फुटलेलं, कांडी एक नाही, सगळा ओला लगदा. मी हळहळत होतो. आई खाली वाकली, हात घातला, मूठभर उचलून पिळलं, नाकाशी नेलं.

"अरे, हा तर भुसा आहे."

मी म्हटलं, "हो. दाबून करतात."

ती काही बोलली नाही. बोटांमध्ये तो चुरत राहिली. मग म्हणाली, "बाटली सरळ धर म्हणावं."

आमच्या सांगलीच्या घरात भुशाची शेगडी होती. रॉकेल रेशनवर, गॅससाठी नंबर लागलेला, आणि कोळसा महाग. वडील सायकलला पोतं बांधून सॉ मिलमधून भुसा आणायचे. शेगडी म्हणजे पत्र्याचा गोल डबा, बुडाजवळ एका बाजूला भोक. रात्री जेवणं उरकली की आई ती भरायला बसायची. आधी डब्याच्या मधोमध रिकामी बाटली उभी ठेवायची आणि खालच्या भोकातून एक लाकडी दांडकं आडवं सरकवून बाटलीच्या बुडाला टेकवायचं. मग भोवतीने भुसा ओतायचा आणि ठासायचा. आधी मुठीने, मग बत्त्याने. थर टाकायचा, ठासायचा, पुन्हा थर. बाटली सरळ धरायचं काम माझं. ती जराशी कलली तरी आई बत्ता थांबवून माझ्याकडे बघायची. डबा काठोकाठ भरला की दांडकं अलगद ओढून घ्यायचं आणि बाटली फिरवत, फिरवत वर काढायची. त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. भुसा चांगला ठासलेला असेल तर बाटलीच्या जागी विहिरीसारखं सरळ भोक राहायचं. नाहीतर कडा ढासळायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी खालच्या भोकातून पेटता कागद सरकवला की शेगडी धरायची. एकदा धरली की तिच्याकडे बघावं लागत नसे. भात, आमटी, भाकरी, वर अंघोळीचं एक पातेलं, सगळं त्या एका भरण्यात व्हायचं. मधलं भोक लाल होत होत रुंदावत जायचं, बाहेरचा भुसा आपली पाळी येईतो वाट बघायचा. शेगडी ढासळली मात्र की घरभर धूर, आणि डोळे चोळत पाणी मारून ती बाहेर नेऊन ओतायची. मला त्या धुराचा वास आजही ओळखता येतो. सागाचा वेगळा, आंब्याच्या फळ्यांचा वेगळा.

आई जे मुठीने आणि बत्त्याने करायची तेच पेलेटच्या कारखान्यात यंत्र करतं. आमच्यापासून जवळच जॅफ्री नावाचं गाव आहे, तिथे १९९० च्या दशकापासून पेलेट तयार होतात. भुसा वाळवायचा, बारीक करायचा आणि जाड पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने रेटायचा. दाबाने तो इतका तापतो की लाकडातलं लिग्निन मऊ होतं. झाडाला ताठ उभं ठेवणारं द्रव्य ते हेच. ते कांडीच्या अंगावर येतं आणि गार होताना घट्ट बसतं. कांडीची चकाकी त्याचीच. डिंक नाही, सरस नाही, दुसरं काही घालावं लागत नाही. झाडाला धरून ठेवणारं जे होतं तेच भुशालाही पुन्हा धरतं. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ठासतात गरम करून. आम्ही गारच ठासायचो, म्हणून ढासळायचं." मला इतक्या वर्षांत याहून नेमकं सांगता आलेलं नाही.

या राज्यात पाच भागांतले चार भाग जंगल आहे. पण या जंगलात चालायला गेलं की मधूनच दगडाचे बांध लागतात. दाट झाडीत, कुठे जाणारे ना येणारे, गुडघ्याएवढे बांध. एकोणिसाव्या शतकात हे सगळे डोंगर उघडेबोडके होते. मेंढ्यांसाठी झाडं तोडून कुरणं केलेली, आणि शेतातले दगड वेचून हे बांध घातलेले. मग माणसं पश्चिमेकडे सपाट, काळ्या जमिनीकडे निघून गेली आणि जंगल परत आलं. आपल्याकडे ओसाड पडलेल्या गावठाणात जोती दिसतात, तसे ते बांध मला दिसतात. या परत आलेल्या जंगलात चांगल्या फळीचं लाकूड थोडं आणि वेडंवाकडं, किडकं, बारीक लाकूड फार. ते पूर्वी कागदाच्या लगद्याला जायचं. उत्तरेकडे बर्लिन गावची लगद्याची गिरणी २००६ मध्ये बंद पडली आणि त्या लाकडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. पेलेटने त्यातल्या थोड्याला तरी जागा दिली. रानाचा मालक असलेला माझा एक ओळखीचा शेतकरी म्हणतो, हलक्या लाकडाला दोन पैसे मिळाले की जमीन विकून घरं बांधायचा मोह टळतो. मला ते पटतं.

तरी लाकूड जाळणं हे सरसकट चांगलं, असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला ड्रॅक्स नावाचं प्रचंड वीजकेंद्र आहे. ते पूर्वी कोळशावर चालायचं, आता पेलेटवर चालतं, आणि त्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून जहाजं भरभरून पेलेट अटलांटिक ओलांडून जातात. तिथे पाण्याची वाफ करून वीज काढताना बरीचशी उष्णता वाया जाते. झाड वाढायला चाळीस-पन्नास वर्षं आणि जळायला एक क्षण, हा हिशेब कागदावर जुळवता येतो, हवेत जुळत नाही. हे मला चूक वाटतं आणि ते तसं म्हणायला हवं. फळ्या कापून उरलेला भुसा जवळच्या गावात कांड्या करून घरात जाळणं ही गोष्टच निराळी आहे. धूर आमच्याही नळीतून जातो, उघड्या लाकडाच्या भट्टीपेक्षा पुष्कळ कमी, पण जातो. म्हणून मी कांड्या कोरड्या ठेवतो, काच काळी पडायला लागली की हवेची झडप तपासतो आणि वाटी साफ ठेवतो. धूर दिसला की काहीतरी अर्धवट जळतंय एवढं आईकडून लहानपणीच शिकलो होतो.

साफसफाईचं आता सांगायलाच हवं, कारण या स्टोव्हचा खरा सहवास त्यात आहे. रोज सकाळी पेटवण्याआधी वाटी खरवडायची. राखेतली खनिजं जास्त तापली की वितळून तिचे खडे होतात, काचेसारखे, भोकंभोकं असलेले. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटांचा खंगर होतो, अगदी तसे. ते वाटीची भोकं बुजवतात आणि हवा अडली की जाळ पिवळा, आळशी, लोळणारा होतो. दर रविवारी स्टोव्ह पूर्ण गार करून दार उघडायचं, आतल्या नळ्यांवरची राख ब्रशने झाडायची, राखेचा खण रिकामा करायचा, काच पुसायची. काचेला ओला कागद राखेत बुडवून घासला की ती लख्ख होते. हे मला कुणी शिकवलं नाही. आमची पितळेची भांडी राखेनेच निघायची.

जाळ त्या नळ्यांभोवती फिरतो आणि खोलीतली हवा नळ्यांच्या आतून जाते. धूर धुराच्या वाटेने बाहेर, हवा हवेच्या वाटेने आत, मध्ये फक्त लोखंडाची भिंत. आईने पहिल्याच रविवारी आत डोकावून विचारलं, "बंबच ना हा?" बंबच. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत ढलप्या आणि करवंट्या जळायच्या आणि भोवती पाणी तापायचं. इथे पाण्याच्या जागी हवा. आणि वाटीला खालून हवा देणारा पंखा म्हणजे फुंकणी. अमेरिकेत असे पहिले स्टोव्ह १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात जेरी व्हिटफील्ड या विमानविद्येच्या अभियंत्याने बनवले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर दुसऱ्या जळणाचा शोध सगळीकडेच चालला होता. जळण थोडं-थोडं टाकायचं आणि त्याला भरपूर हवा द्यायची, ही त्यातली किल्ली. चुलीपुढे बसणाऱ्या कुठल्याही बाईला ती ठाऊक होती. एकदम चार लाकडं सारणारीला घरात अडाणी समजत.

रविवारची साफसफाई आईने स्वतःकडे घेतली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "चुलीला रोज पोतेरं फिरवायचो आम्ही. हे आठवड्यातून एकदा, त्यात काय." ती खाली बसकर टाकून बसायची, आणि मुलगी शेजारी ब्रश घेऊन. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून बाहेर न्यायची, कारण राखेत निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. वसंतात ती राख भाजीच्या वाफ्यात जाते. इथली माती आंबट, तिला ती मानवते. फक्त ब्लूबेरीच्या झुडपांना घालायची नाही. त्यांना आंबटच हवं असतं.

आणि आईने आणखी एक गोष्ट सुरू केली. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं. सांगलीत ती त्यावर दुधाच्या खुणा करायची, एक लिटरला एक रेघ, पाहुणे आले तर दोन. इथे दूध दुकानातून यायचं. तिने पोत्यांच्या रेघा मारायला सुरुवात केली. पोतं फोडलं की त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने एक रेघ. "दीडशे पोती, पाच महिने," ती म्हणाली. "रोजचं एक. दोन लागली तर दुसऱ्या दिवशी बघायचं." आणि खरंच बघायची. ऊन असलेल्या दिवशी दुपारी स्टोव्ह बंद करून दक्षिणेच्या खिडकीत जाऊन बसायची आणि आम्हाला तिथे बोलवायची. तेलाच्या वर्षांत त्या खिडकीत कुणी बसल्याचं मला आठवत नाही. आता तेल वर्षाला अडीचशे-तीनशे गॅलन लागतं, अंघोळीच्या पाण्याला आणि मागच्या खोल्यांना. मागच्या खोल्या गारच असतात. माणसं सगळी स्टोव्हच्या खोलीत येतात, अभ्यास तिथे, भाजी निवडणं तिथे, भांडणं तिथे. एका चुलीवरची माणसं असं आपण म्हणतो.

११ डिसेंबर २००८, गुरुवार. मार्गशीर्षातला गुरुवार म्हणून आईने दिवसभर काही खाल्लं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती. सांगलीपासून नरसोबाची वाडी जवळ, लग्न होऊन आल्यापासून आईने दत्तजयंती कधी चुकवली नव्हती. सुंठवड्याची तयारी करून ती झोपली. संध्याकाळपासून पाऊस होता, आणि हवा गोठणबिंदूच्या जरा खाली. असा पाऊस पाणी म्हणून पडतो आणि ज्याला शिवेल त्यावर बर्फ होतो. रात्री दहानंतर पहिली फांदी मोडली. बंदुकीच्या बारासारखा आवाज. मग दुसरी. मग रानातून सगळीकडून बार यायला लागले आणि मधूनमधून काचसामान कोसळल्यासारखा खळखळाट. मध्यरात्रीनंतर दिवे गेले.

स्टोव्ह चालू होता. पंखे थांबले. काचेमागचा जाळ खाली बसला, वाटीतल्या कांड्या धुमसत राहिल्या, आणि बाहेर ओढणारा पंखा नसल्यामुळे थोडा धूर खोलीत आला. मग तोही विरला. हॉपर काठोकाठ भरलेला, खाली बेसमेंटमध्ये शंभराच्या वर पोती, आणि घर गार व्हायला लागलं. मळसूत्र फिरवायला वीज, हवा फुंकायला वीज, पेटवायला वीज. आईने टॉर्चच्या उजेडात विचारलं, "काडी लावून नाही का पेटत?" मी नाही म्हटलं. आयुष्यात इतकं कठीण 'नाही' मी क्वचितच म्हटलं असेल. जिच्या शेगडीला एक काडी पुरायची तिला मी सांगत होतो की दोन टन भुसा घरात आहे आणि तो पेटवता येत नाही.

न्यू हॅम्पशायरमध्ये त्या रात्री चार लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, निम्म्याहून अधिक राज्याची. आमच्या भागात सगळ्यात वाईट. सकाळी रस्त्यावर तारा, खांब, झाडं एकमेकांत गुंतून पडलेली. शुक्रवारी संध्याकाळी घरात आठ अंश होते, शनिवारी चार. नळ फुटू नयेत म्हणून पाणी काढून टाकलं. सांगलीला भावाचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "अरे, इन्व्हर्टर नाही तुमच्याकडे?" त्या वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंग असं होतं की घरोघरी इन्व्हर्टर होते. इथे शंभर घरांत एकही नव्हता.

शनिवारी दुपारी शेजारच्या म्हाताऱ्या बाई बर्फातून काठी टेकत आल्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्याकडे जुनी बिडाची लाकडाची भट्टी होती. त्यांनी विचारलं नाही, सांगितलं, सगळे चला. पुढचे सात दिवस आम्ही त्यांच्याकडे होतो. आणखी एक कुटुंबही होतं. सगळे मिळून नऊजण एका खोलीत.

पहिल्या रात्री झोपायच्या आधी बाई भट्टीत मोठं ओंडकं घालायला उठल्या. लाकूड फार उरलेलं नव्हतं आणि किती दिवस पुरवायचं ते ठाऊक नव्हतं. आईने हाताने थांबा अशी खूण केली. ती भट्टीपुढे बसली, चिमटा मागून घेतला, निखारे एक-एक करून मागच्या बाजूला ओढले, जवळजवळ लावले आणि त्यांच्यावर राख सारली, आधी बारीक, मग जाड. हाताच्या पंज्याने हवेतच अंदाज घेतला, आणखी थोडी राख टाकली आणि झडप जवळजवळ मिटली. गावी आजी असाच विस्तव राखायची. आई आमच्या घरी सून म्हणून आली तेव्हा तिला ते आजीनेच शिकवलेलं. बाई उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांनी ओंडकं परत ठेवलं.

पहाटे आई उठली तेव्हा मी जागा होतो. तिने राख चिमट्याने बाजूला केली. वरची पांढरी, खालची करडी, आणि तिच्याखाली निखारे, लहान झालेले पण लाल. बाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी खिशातून बर्चच्या सालीचा तुकडा काढून आईच्या हातात दिला. कागदासारखी पातळ, पांढरी साल. तिच्यात तेल असतं, ओली असली तरी पेटते. आईने ती उलटसुलट पाहिली, वास घेतला, निखाऱ्यावर ठेवली आणि वाकून फुंकर घातली. साल वेटोळं घेत पेटली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्या सात दिवसांत त्यांना एकमेकींचं एक वाक्यही कळलं नाही. रात्री आई विस्तव राखायची, पहाटे बाई साल द्यायच्या.

दत्तजयंती एक दिवस उशिरा झाली. आईने घरून सुंठवड्याचा डबा आणला होता. भट्टीवर दूध तापवलं, सगळ्यांच्या हातावर चिमूट-चिमूट सुंठवडा ठेवला. बाईंनी दुसऱ्यांदा हात पुढे केला. आभाळ निवळलं होतं आणि पौर्णिमेनंतरचा चंद्र बर्फाच्या काचेत बसवलेल्या सगळ्या रानावर होता. बाहेर फांद्या अजून मोडत होत्या, पण आता थांबून-थांबून.

शनिवारी, २० डिसेंबरला, संध्याकाळी वीज आली. पुढच्याच वसंतात मी स्टोव्हशेजारी एक बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून घेतला. पेटवताना तीन-चारशे वॉट लागतात, एकदा चालू झाला की शंभरेक पुरतात. बॅटरीवर एक रात्र निभते. पण कपाटात बर्चच्या सालीची एक पिशवीही असते. तिचा आमच्या स्टोव्हला काही उपयोग नाही.

बाई पुढच्या चार वर्षांत गेल्या. आई मार्चमध्ये परत गेली ती पुन्हा आली नाही, गुडघ्यांनी प्रवास नको म्हटला. पण दर ऑक्टोबरात फोनवर पहिला प्रश्न एकच असायचा, पोती आली का, आणि दुसरा, भिजली नाहीत ना. २०१५ मध्ये ती गेली. मुलगी आता बॉस्टनला फ्लॅटमध्ये राहते, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या उबेत. नाताळाला घरी आली की रविवारी बसकर टाकून स्टोव्हपुढे बसते आणि ब्रश माझ्या हातातून काढून घेते.

रेघा मी अजून मारतो, दरवर्षी नव्या कालनिर्णयावर. जुनी पानं जातात. २००८ च्या डिसेंबरचं पान तेवढं बेसमेंटमध्ये, पोत्यांच्या थप्पीच्या वरच्या खिळ्याला आहे. दमट हवेने ते पिवळं पडलंय. एक तारखेपासून अकरापर्यंत प्रत्येक चौकोनात एक-एक रेघ, चारला दोन. बाराच्या चौकोनात छापलेली दत्तजयंती. बारापासून वीसपर्यंत नऊ चौकोन रिकामे. एकवीसमध्ये दोन रेघा आहेत, दाबून मारलेल्या, आणि त्यांतल्या दुसऱ्या रेघेच्या टोकाला राखेच्या बोटाचा ठसा.